खेळाचा मोबदला

पांढुर्णा आणि सौंसर हा संत्र्यांचा मुलूख. या बाजूच्या माणसापुढे ‘स्क्वाश’ हा शब्द उच्चारला, तर त्याच्या डोळ्यांसमोर संत्र्याच्या दाट रसाची बाटली उभी राहते. चार भिंतींच्या आत रॅकेट आणि रबरी चेंडू घेऊन खेळला जाणारा खेळ उभा राहत नाही. त्यात त्याचा काही दोष नाही. हा खेळ मोठ्या शहरांच्या क्लबांत वाढला, आणि तेथेही तो पाहणारे थोडेच असतात. तरीही या अपरिचित खेळाच्या निमित्ताने एका अतिपरिचित प्रश्नाचा विचार करावा, असे वाटते. खेळाला मनुष्याने आपल्या उपजीविकेचे साधन करावे काय? आणि ज्याने ते केले, त्याची योग्यता हौसेने खेळणाऱ्यापेक्षा कमी मानावी काय?

‘पैशासाठी खेळतो’ या दोन शब्दांत आपल्याकडे किती निंदा भरलेली असते, हे वाचकांना सांगावयास नको. वैद्य नाडी पाहून पैसे घेतो, शिक्षक पगार घेतो, वकील फी घेतो. त्यांना कोणी बोल लावत नाही. परंतु कीर्तनकाराने बिदागीचा आकडा आधी विचारला की सभामंडपात कुजबुज होते, आणि खेळाडूने बक्षिसाच्या रकमेवर स्पर्धा निवडली की त्याचा खेळ बाटला असे आपण समजतो. या समजुतीच्या मुळाशी एक उदात्त कल्पना आहे. जे कर्म फळाची इच्छा धरून केले, ते हीन. जे फळाची आस सोडून केले, ते श्रेष्ठ. कल्पना खरी आहे. ती आपण लावतो त्या ठिकाणी नीट लागते की नाही, एवढेच तपासावयाचे आहे.

प्रथम खेळाचे स्वरूप पाहू. स्क्वाशचे कोर्ट म्हणजे पावणेदहा मीटर लांब आणि ६.४ मीटर रुंद अशी एक बंद खोली. तीत दोन प्रतिस्पर्धी एकाच बाजूला, एकाच भिंतीकडे तोंड करून उभे असतात. मध्ये जाळे नाही, सीमारेषा नाही. दोघांनी आळीपाळीने तोच चेंडू समोरच्या भिंतीवर मारावयाचा, आणि तो जमिनीवर दुसऱ्यांदा टप्पा घेण्यापूर्वी गाठावयाचा. एकाच जागेत दोघे धावत असल्यामुळे एकाचे शरीर दुसऱ्याच्या वाटेत येणारच. म्हणून या खेळाचा एक मूलभूत दंडक असा आहे की, आपला फटका मारून झाला की प्रतिस्पर्ध्याला चेंडूकडे जाण्याची सरळ वाट मोकळी करून द्यावयाची. वाट अडली तर पंच तो गुण पुन्हा खेळावयास लावतो. अडवणूक अक्षम्य असेल तर अडवणाऱ्याच्या विरुद्ध गुण देऊन टाकतो. ज्याला हरवावयाचे, त्यालाच वाट द्यावयाची, असा हा खेळ आहे.

आता याच्या शेजारी आमच्याकडचा एक खेळ ठेवून पाहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार भरते. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. पात्रात पळसाचे खोड रोवून त्यावर झेंडा बांधतात, आणि तो झेंडा हस्तगत करण्यासाठी दोन्ही काठांवरून एकमेकांवर गोटे फेकले जातात. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी नदी ओलांडत असता दोन्ही गावांनी त्यांच्यावर दगडांचा मारा केला, त्याची ही आठवण, अशी आख्यायिका आहे. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात अर्पण होतो. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. आजवर काहींचे प्राणही गेले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, पण लोकांनी पुन्हा गोटेच उचलले.

या ठिकाणी गोटमारीचा निवाडा करावा असा हेतू नाही. तिच्यामागची श्रद्धा आणि दोन गावांची परंपरा हा स्वतंत्र विषय आहे. माझा मुद्दा इतकाच की, गोटमारीत कोणालाही मोबदला नसतो. गोटा फेकणारा पगार घेत नाही, झेंडा तोडणारा त्यावर उपजीविका चालवत नाही. ‘हौशी’ हा शब्द पूर्ण अर्थाने जर कोठे लागू पडत असेल, तर तो तेथे. आणि तरीही तेथे रक्त सांडते. उलट ज्या खेळात पोटाचा प्रश्न गुंतलेला आहे, त्यात प्रतिस्पर्ध्याला वाट करून देण्याचा नियम पाळला जातो. तेव्हा मोबदला नाही म्हणून कर्म शुद्ध, आणि मोबदला आहे म्हणून ते मलिन, हे समीकरण जाम नदीच्या पात्रात टिकत नाही. कर्माची शुद्धता आणखी कशावर तरी अवलंबून असली पाहिजे.

मग हौशी श्रेष्ठ आणि व्यवसायी कनिष्ठ, ही वर्णव्यवस्था खेळात आली कोठून? ती आली इंग्रज साहेबांच्या क्लबांतून. साहेब खेळे तो हौशी. त्याच्याबरोबर सरावासाठी खेळणारा, गुण मोजणारा, रॅकेटची तात ओढून देणारा जो नोकर, त्याला म्हणत ‘मार्कर’. हा मार्कर बहुधा साहेबापेक्षा कितीतरी सरस खेळे; पण तो क्लबाचा सभासद होऊ शकत नसे, आणि साहेबांच्या स्पर्धेत त्याला प्रवेश नसे. कारण काय? तर तो खेळाचे पैसे घेतो! ज्याने दिवसभर दुसऱ्याचा खेळ सुधारला, त्याचा स्वतःचा खेळ मात्र अशुद्ध ठरला. या खेळाच्या नियमपुस्तकात गुण पुकारणाऱ्या अधिकाऱ्याला आजही ‘मार्कर’ असेच नाव आहे. चाकराचा हुद्दा झाला, पण शब्द आपले जन्मस्थान विसरला नाही.

पेशावरजवळच्या नवाकिल्ले या खेड्यातील हाशिम खान हा असाच वाढलेला मुलगा. तेथील अधिकाऱ्यांच्या क्लबातील कोर्टांना छप्पर नव्हते. भिंतीवरून बाहेर गेलेला चेंडू आणून देण्याचे काम मुले करीत. साहेब निघून गेले की हाशिम अनवाणी पायांनी एकटाच खेळे. पुढे १९४४ साली मुंबईच्या अखिल हिंदुस्थान व्यवसायी स्पर्धेत तो अजिंक्य ठरला. त्याचाच एक आप्त अब्दुल बारी. फाळणीनंतर बारीने हिंदुस्थानातच राहणे पसंत केले, आणि १९५० साली ब्रिटिश ओपन स्पर्धेत तो अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. ज्याला आपण मुंबईत अनेकदा हरवले, तो तेथवर जातो, हे ऐकून हाशिमने आपल्या सरकारकडे धडपड केली, आणि पुढच्याच वर्षी, पस्तिशीच्या आगेमागे, म्हणजे ज्या वयात इतर खेळाडू रॅकेट खाली ठेवतात त्या वयात, त्याने ते अजिंक्यपद मिळविले. एकूण सात वेळा ते त्याच्याकडे राहिले. अखेर १९८० साली या खेळाने हौशी आणि व्यवसायी हा भेदच मोडीत काढला. तोवर किती मार्कर अनामिक राहून मातीत गेले, त्याची मोजदाद कोण करणार?

हा साहेबाचा दोष म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. देवळांच्या छायेत वाढलेल्या आपल्या समाजाने तरी वेगळे काय केले? गोव्यातील देवस्थानांच्या आश्रयाने ज्या कलावंत घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या देवापुढे गायन केले, त्यांचा सूर आपल्याला पवित्र होता. त्यांची पंगत मात्र वेगळी होती. त्याच परंपरेतून केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई पुढे आल्या, आणि त्यांच्या गाण्यापुढे सबंध देश नम्र झाला. केसरबाईंची एक भैरवी तर १९७७ साली व्हॉयेजर यानातून पृथ्वीची खूण म्हणून अवकाशात पाठविण्यात आली. क्लबाच्या भिंतीबाहेर उभा राहिलेला मार्कर आणि पंगतीबाहेर बसलेली गायिका, यांच्या स्थितीत तत्त्वतः काय अंतर आहे? सेवा हवी, सेवकाची बरोबरी नको, ही एकच वृत्ती दोन वेषांत वावरत होती.

वास्तविक आपल्या धर्माने सेवेला हीन कधीच मानले नाही. सौंसरजवळ जामसावळीला पहुडलेल्या मारुतीचे स्थान आहे. तेथे शनिवारी, मंगळवारी रीघ लागते. मारुती हा बलाचा देव आणि दासांचा दास. आखाडा म्हटला की त्यात मारुती असावयाचाच. गावोगाव पाहिले तर रामाच्या देवळांपेक्षा मारुतीची देवळे अधिक, म्हणजे धन्यापेक्षा सेवकाची पूजा अधिक, असेच दिसते. जो समाज दास्याला देव्हाऱ्यात बसवितो, त्यानेच पोटासाठी बळ आणि कौशल्य वेचणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवावे, ही विसंगती लहान नाही.

बरे, ज्याला आपण शुद्ध हौशी म्हणतो, त्याचा खर्च होत नव्हता काय? खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने मिळविलेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले, हे सर्वश्रुत आहे. अर्थात खाशाबांचा खेळ फुकट नव्हता. त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजली होती. क्लबातल्या साहेबाची किंमत त्याच्या जमिनीने अथवा पगाराने मोजली, खाशाबांची एका प्राचार्याच्या घराने. अमेरिकेचा जिम थॉर्प गरीब होता. त्याने पूर्वी बेसबॉल खेळून थोडे पैसे घेतले होते, एवढ्या कारणावरून १९१२ साली जिंकलेली त्याची दोन ऑलिंपिक सुवर्णपदके पुढच्याच वर्षी काढून घेण्यात आली. ती दोन्ही पदके केवळ त्याचीच, हे मान्य व्हावयास २०२२ साल उजाडले. तोवर त्याला जाऊन जवळजवळ सत्तर वर्षे झाली होती. निरिच्छतेची परीक्षा घेताना परीक्षक परीक्षार्थ्याची मिळकत पाहत होते, असे म्हणावे लागते.

येथे वकिलाच्या नजरेला एक गोष्ट विशेष जाणवते. कायदा आणि लोकनीती या बाबतीत एकमेकांच्या अगदी उलट बोलतात. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, काही अपवाद सोडले, तर मोबदल्यावाचून केलेला करार निरर्थक ठरतो. मोबदला असेल तरच त्याला बळ. लोकनीतीच्या मते मोबदला आला की कर्माचे बळ गेले. परंतु हाच कायदा पैजेचा करारही निरर्थक ठरवितो. यातील मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. श्रमाचा मोबदला मागता येतो. केवळ अनिश्चित फळावर पैसे लावून कोर्टाकडे दाद मागता येत नाही. आपले श्रम विकणे निराळे आणि निकाल विकणे निराळे. जो खेळाडू आपले श्रम विकतो तो कारागीर होय. जो पैसे घेऊन सामन्याचा निकाल विकतो तो चोर होय. दोघांनी पैसे घेतले म्हणून दोघांना एका पंक्तीत बसविणे, हा अविचार आहे.

याहूनही महत्त्वाचा आमच्या धंद्याचा एक नियम आहे. वकिलाने आपली फी दाव्याच्या निकालावर अवलंबून ठेवू नये, अशी बार कौन्सिलची आज्ञा आहे. जिंकलो तर इतके, हरलो तर काही नाही, असा ठराव त्याला करता येत नाही. हेतू उघड आहे. निकालावर भाकरी टांगली, की माणूस पुराव्याला हात घालण्याचा, साक्षीदाराला पढविण्याचा मोह आवरू शकेल, याची खात्री नाही. म्हणजे कायद्याने वकिलाला त्याच्या स्वतःच्या लोभापासून कुंपण घालून सुरक्षित ठेवले आहे.

व्यवसायी स्क्वाशपटूला असे कोणतेही कुंपण नाही. त्याची जवळजवळ सारी कमाई निकालावर असते. स्पर्धा इजिप्तमध्ये असो की इंग्लंडमध्ये, प्रवास, मुक्काम, प्रशिक्षक आणि औषधोपचार यांचा खर्च आधी होतो; पहिल्याच फेरीत हार झाली तर हाती पडते ती रक्कम कित्येकदा त्या खर्चालाही पुरत नाही. जागतिक क्रमवारीत वर चढल्यावाचून मोठ्या स्पर्धेत प्रवेश नाही, आणि लहान स्पर्धा खेळून पोट भरत नाही. गुडघा अथवा घोटा दुखावला की क्रमांकही जातो आणि उत्पन्नही. बहुतेकांचा खेळ पस्तिशीच्या आसपास संपतो. जागतिक क्रमवारीत पहिल्या दहांत पोहोचलेले सौरव घोषाल यांनी २०२४ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी, व्यवसायी खेळातून निवृत्ती घेतली. ते दीर्घकाळ टिकले असेच म्हटले पाहिजे. ज्या वयात वकिलाकडे अशिले विश्वासाने येऊ लागतात, त्या वयात या माणसाचा धंदा संपलेला असतो.

आता असा एक क्षण डोळ्यांपुढे आणा. शेवटचा डाव चालू आहे. चेंडूचा दुसरा टप्पा पडला, तो पंचाला दिसला नाही. चेंडू गाठणाऱ्याला मात्र ठाऊक आहे. या खेळाची जुनी रीत अशी की, त्याने स्वतः हात वर करून गुण सोडून द्यावा. क्लबातल्या हौशी साहेबाने तो सोडला, तर त्याचे काय गेले? संध्याकाळच्या गप्पांत थोडी प्रतिष्ठा; आणि तीही प्रामाणिकपणाच्या कौतुकाने भरून निघते. व्यवसायी खेळाडूने तो सोडला, तर घराचे भाडे जाते, पुढच्या स्पर्धेतील प्रवेश जातो. सगळेच खेळाडू हा हात वर करतात, असे कोणी म्हणणार नाही. पण जो करतो, त्याच्या ठिकाणी निष्काम कर्म प्रत्यक्ष उभे असते.

माझे मुख्य म्हणणे हेच. फळाची आसक्ती नसणे म्हणजे फळ न घेणे, असा आपण गीतेच्या उपदेशाचा सोपा अर्थ करून ठेवला आहे. अर्जुन राज्यासाठी लढणाऱ्या पक्षाचा योद्धा होता; युद्ध जिंकून त्याने राज्य घेऊ नये, असे भगवंतांनी सांगितले नाही. फळ समोर असता, त्याची गरज असता, ते हातचे जाण्याची भीती असता, ज्याची बुद्धी त्या फळाने झाकोळत नाही, तो निष्काम. ज्याला फळाची गरजच नाही, त्याच्या निरिच्छतेची कसोटी अजून लागावयाची आहे. या अर्थाने व्यवसायी खेळाडू हा हौशी खेळाडूच्या खाली उभा नाही. तो अधिक कठीण परीक्षेला बसलेला आहे. त्यात कित्येक नापास होतात, हे खरे. पण परीक्षेला न बसलेल्याने त्यांना हसू नये.

आणि म्हणूनच एक कर्तव्य आपल्याकडे येते. माणसाची परीक्षा होते म्हणून ती मुद्दाम कठीण करीत जावी, असा त्याचा अर्थ नव्हे. कायद्याने वकिलाला जे कुंपण दिले, ते समाजाने खेळाडूला का देऊ नये? २०२३ च्या सप्टेंबरअखेर हांगचौच्या आशियाई खेळांत पुरुषांच्या सांघिक स्क्वाशचा अंतिम सामना भारत आणि पाकिस्तान यांच्यात झाला. पहिली लढत मुंबईचे महेश माणगावकर खेळले आणि हरले. दुसरी सौरव घोषाल यांनी जिंकली. तिसरी अभय सिंग यांनी पाचव्या डावात १२-१० अशी जिंकली, आणि सुवर्णपदक भारताकडे आले. माणगावकर २०१४ च्या इंचिऑन येथील सुवर्णविजेत्या संघातही होते. हांगचौला त्यांच्या गळ्यात पडलेले पदक अभय सिंग यांच्या पदकाहून रतीभरही कमी वजनाचे नव्हते. अंतिम सामन्यात कोर्टावर न उतरलेल्या हरिंदरपाल संधू यांचेही तसेच. कोणी म्हणेल, हरलेल्याला सुवर्ण हा अन्याय. मला तो न्याय वाटतो. पहिल्या लढतीला कोणीतरी उभे राहावेच लागते. जो उभा राहिला आणि आपले सर्वस्व लावून हरला, त्याने संघाचे काम केले. एरवी एकेरीच्या स्पर्धेत त्याच श्रमाला रिकाम्या हाताने परतावे लागते. श्रम तेच; मोजमाप निराळे.

त्याच शरदऋतूत, ऑक्टोबरमध्ये, मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी स्क्वाशचा समावेश झाला. योगायोगाने त्याच सुमारास पांढुर्णा-सौंसरचा प्रदेशही छिंदवाड्यातून वेगळा होऊन नवा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्यातल्या एखाद्या संत्राबागाईतदाराचा मुलगा उद्या कोणत्याही खेळाचे नाव घेऊन, ‘मी यावरच पोट भरीन’ असे म्हणाला, तर त्याला काय सांगावयाचे? जिंकून आला तर शाल आणि श्रीफळ देऊन त्याचा सत्कार करावयास प्रत्येक देवस्थानाचे मंडळ पुढे येईल. परंतु नारळाची गरज त्याला जिंकल्यानंतर नसते. भाकरीची गरज जिंकण्यापूर्वी असते.

आपल्या जुन्या व्यवस्थेला ही गोष्ट ठाऊक होती. तिच्यात पुष्कळ दोष होते, आणि त्यांतील एक वर सांगितलाच आहे. पण देवळाच्या पुजाऱ्याला, वाजंत्र्याला, दिवटी धरणाऱ्याला तिने इनाम जमीन आणि नेमणूक लावून दिली, ती अशासाठी की, आज उत्सवाला किती लोक आले यावर त्याची चूल पेटू नये. कीर्तनकाराची बिदागीही श्रोत्यांची डोकी मोजून ठरत नाही. अशा नेमणुकीला आपल्या भाषेत ‘वृत्ती’ म्हणतात. आणि मनाच्या ठेवणीलाही ‘वृत्ती’च म्हणतात. एकाच शब्दात हे दोन अर्थ बसविणाऱ्यांना माणसाची पारख चांगली असावी. पोटाची वृत्ती निश्चित असली, तर मनाची वृत्ती निश्चल राहावयास मदत होते. पहिली देणे समाजाच्या हाती आहे. दुसरी राखणे ज्याच्या त्याच्या हाती.

तेव्हा पैसे घेऊन खेळणाऱ्याला विचारावयाचा प्रश्न एकच: तू काय विकलेस, आपले श्रम की आपला विवेक? श्रम विकले असतील, तर तो आपल्यासारखाच एक कष्टकरी आहे. त्याला पंगतीत जागा द्यावी. विवेक राखून श्रम विकले असतील, तर मात्र पान वाढण्याआधी आपणच उठून त्याला नमस्कार करावा.